जुईलीच्या पप्पांसाठी

केतकवेळ,
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय नाझिया,

कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय, हसू नकोस. फोनवर तू "बोल गो" म्हणालीस की मी गावच्या गप्पा मारत बसते आणि खरं ते राहून जातं.

रेडिओ खाडी बंद होतोय. मच्छीमार सोसायटीनं बर्फाचा कारखाना विकला. माडीवरचा आपला स्टुडिओ त्यातच गेला. नवा मालक भला माणूस आहे, म्हणाला, "मॅडम, सामान न्यायला हवा तेवढा वेळ घ्या." सामान आहेच काय? दोन माइक, एक टेबल आणि भिंतींना ठोकलेल्या गोधड्या. त्यातली निळी तुझ्या घरची.

शेवटचं प्रसारण गुरुवारी, १८ डिसेंबरला. कुवेतला शुक्रवारची सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी फर्माइशी, हा नियम तूच घातला होतास. तो शेवटपर्यंत पाळायचा ठरवलाय.

त्या दिवशी रेडिओची सगळी कहाणी सांगायची आहे. पहिलं वर्ष तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार? तेव्हा इथे तू आणि मी दोघीच होतो. लिहून पाठव. मी वाचेन.

तुझी,
योगिनी


फिंतास, कुवेत,
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय योगिनी,

तुझं पत्र बाल्कनीत उभी राहून वाचलं. समोर समुद्र आहे, पण त्याला आपल्या खाडीसारखा वास येत नाही. इतकी वर्षं झाली, मी अजून वास शोधते.

पहिलं वर्ष लिहिते. सिनेमाची गाणी लावायला परवानगी नव्हती आणि पैसेही, म्हणून आपण वाडीवाडीत जाऊन गावची गाणी गोळा केली. जाखडीवाले आले तेव्हा त्यांच्या नाचानं माडी हलली आणि खालून कारखान्याचा मॅनेजर ओरडत आला. भलरी म्हणणाऱ्या बायका माइक बघून मुक्या झाल्या, शेवटी आपण त्यांच्या हातात एकेक विळा दिला, तेव्हा कुठे आवाज फुटला. आणि खालचं बर्फाचं यंत्र! प्रत्येक गाण्यात त्याची घरघर. तू म्हणायचीस, हा आपला तंबोरा.

फर्माइशी आठवतात? एकही बाई नवऱ्याचं नाव घेईना. "आमच्या घरातल्यांसाठी." अशा पाचजणी, आणि पाचही घरातले कुवेतला. मग बाहेर भांडण, गाणं माझ्यांसाठी लागलं की तुझ्यांसाठी? शेवटी आपण मुलांची नावं घ्यायला लागलो. जुईलीचे पप्पा. अब्बासचे वडील. आणि मूल नसलेल्या त्या सुतारीण वहिनी म्हणाल्या, "हिरव्या दाराच्या घरच्यांसाठी म्हणा." रेडिओ इथवर पोचत नव्हता, म्हणून बायका फोन रेडिओला लावून धरायच्या. इकडे एका फोनभोवती खोलीभर माणसं.

हे सगळं वाच. पुढचं वाचू नकोस, ते तुझ्यासाठी आहे.

लग्नासाठी मी इकडे आले ती इथेच राहिले. मग दर जुलैत गावी यायचे. तीन-तीन आठवडे रेडिओ उशाशी असायचा. अम्मानं तुमच्याकडे हळदीचं गाणं म्हटलंय, हे मला लोकांकडून कळलं होतं. ते एकदाही लागलं नाही. भलरी लागली, जाखडी लागली, माशांचे भाव लागले, माझ्या अम्माचं गाणं नाही. मी विचारलं नाही. तुला नसेल आवडलं, किंवा कुणीतरी काही बोललं असेल, असं मनाशी धरून बसले. विमानं बंद होती त्या वर्षी ती गेली आणि मी इथे या बाल्कनीत बसून मय्यत फोनवर पाहिली. त्यानंतर तुझ्याशी बोलताना मी थोडी लांबून बोलते, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

गाणं असेल तर पाठव. तिचा गातानाचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. जे आहे त्यात ती "जेवलीस का" एवढंच विचारते.

नाझिया


केतकवेळ,
९ नोव्हेंबर २०२५

नाझिया,

तुझं पत्र वाचून मी रेडिओवर गेलेच नाही. आजारी आहे म्हणून कळवलं.

बिल्कीसचाचीचं गाणं ही आमच्याकडची सगळ्यांत जास्त मागणीची चीज होती. दर गुरुवारी लागायचं. फक्त तू इथे असलीस की लागायचं नाही. ते चाचीनंच सांगितलं होतं. तुझा निकाह तिकडे झाला, हळद तिकडेच लागली, तिला तुझ्या हळदीत गाता आलं नाही. म्हणून ती एक दिवस माडी चढून आली, बुरख्याची टोकं सावरत बसली आणि म्हणाली, "मशीन लाव." शेवटच्या कडव्यात नवरीचं नाव घालतात ना, तिथे तिनं तुझं नाव घातलंय. बाहेर येऊन मला म्हणाली, "ती येईल तवा मी तिला समोर बसवून ऐकवीन. रेडियोनं आधी ऐकवायचा नाय." दर सुट्टीत आम्ही ते गाणं बाजूला काढून ठेवायचो. आणि तू परत गेलीस की मी विचारायचे, गायलीस का चाची? ती म्हणायची, "आली तवा लाज वाटली, जाताना रडू आला. आता फुडल्या वरसाला."

मी तुला सांगायला हवं होतं. पण तिची गोष्ट तिनं सांगावी असं वाटत राहिलं.

गाणं आता नाही, नाझिया. विमानं बंद होती त्याच वर्षी जूनच्या वादळात टॉवर खाडीत गेला, पत्रे उडाले आणि कॉम्प्युटरमध्ये पाणी शिरलं. पुण्यापर्यंत नेऊन आणला. जुनं एकही गाणं वाचलं नाही. गावात कुणीच रेकॉर्ड करून ठेवलं नव्हतं. दर गुरुवारी लागणारी गोष्ट कोण जपून ठेवतं?

एकच आशा आहे. वरच्या वाडीतली द्वारका दर गुरुवारी तेच गाणं मागायची, "जुईलीच्या पप्पांसाठी". फोन रेडिओला चिकटवून उभी राहायची, हात भरून आला की हात बदलायची. दोन वर्षांपूर्वी तापानं गेली बिचारी. तिचा नवरा शत्रुघ्न तिकडे अम्गऱ्याच्या भंगारबाजारात वेल्डर आहे. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याच्या फोनमध्ये काही राहिलं असेल का, विचारून बघ.

योगिनी


फिंतास,
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय योगिनी,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. इतकी वर्षं मी तुझ्यावर रुसले होते, आणि तू माझ्या अम्माचा शब्द पाळत होतीस.

काल शुक्रवार, मुझफ्फरना घेऊन अम्गऱ्याला गेले. त्यांचं इथल्या राई भागात गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे, त्यामुळे भंगारवाले सगळे ओळखीचे. वाटेत धूळ इतकी की पुढची गाडी दिसेना. मुझफ्फर म्हणाले, "लोक शुक्रवारी बायकोला मॉलमध्ये नेतात. मी भंगारात आणली." मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

शत्रुघ्न पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच होता. पन्नाशीचा असेल, दिसतो जास्त. मी केतकवेळची म्हटल्यावर उठून उभा राहिला, चहा मागवला. जुईली बारावीला आहे म्हणाला. द्वारकाचं नाव निघालं तेव्हा वेल्डिंगचा चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर ओढला. काम काहीच चालू नव्हतं.

मी विचारलं, "गुरुवारच्या फोनचं काही रेकॉर्डिंग आहे का हो? माझ्या आईचं गाणं आहे त्यात."

"नाय भाभी. असला काय नाय."

इतक्या पटकन म्हणाला की मी पुन्हा विचारलं. मग तो मुझफ्फरकडे बघून म्हणाला, "भाई, चाय थंडी हो जाएगी." म्हणजे उठा. मी उठले. मला राग आला, खरं सांगते. एका गाण्यासाठी माणूस इतका तुटक का होतो?

नाझिया


केतकवेळ,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय नाझिया,

त्याच्याकडे आहे! जुईली काल स्टुडिओत आली होती, तिनंच सांगितलं. पप्पांचा एक जुना फोन आहे, त्यात एका गुरुवारचा कॉल आहे. तो फोन ते उशीखाली ठेवतात. जुईलीलाही ऐकवत नाहीत. लाजत असेल गो तो. आपल्याकडचे पुरुष बायकोच्या नुसत्या आवाजालाही लाजतात. पुढच्या वेळी जाताना काहीतरी गोड करून ने.

आणि एक उतावळेपणा केलाय. आनंदात मी संध्याकाळी रेडिओवर सांगून टाकलं, शेवटच्या दिवशी बिल्कीसचाचींचं हळदीचं गाणं लागणार, पूर्ण. मोहल्ल्यातल्या बायकांचे फोन चालू झालेत. तुझी सुगराखाला म्हणाली, "मरायच्या आधी एकदा ऐकीन म्हनत होते, आता मरायला मोकळी." मी म्हटलं, "खाला, अठरा तारखेपर्यंत थांबा."

योगिनी


फिंतास,
२९ नोव्हेंबर २०२५

प्रिय योगिनी,

हे पत्र वाचून झालं की फोटो पुसून टाक. रेडिओवरची बाई म्हणून नाही, मैत्रीण म्हणून वाच.

काल दुपारी शत्रुघ्न स्वतःच आला. इस्त्रीचा शर्ट, पायात नवे बूट. वर यायला तयार होईना, म्हणून मी आणि मुझफ्फर खाली गेलो आणि आम्ही समुद्राकाठच्या कट्ट्यावर बसलो. जुईलीनं त्याला फोनवर तुझी घोषणा सांगितली होती. आणि आणखी एक. अम्गऱ्याहून निघताना मुझफ्फर मला हाक मारून म्हणाले होते, "नाझिया, चल." ते त्यानं ऐकलं होतं.

मला म्हणाला, "गान्यातली नाझिया ती तुम्हीच का ओ?"

मी मान हलवली.

"मंग मी खोटा बोल्लो तुमच्याशी. माझ्याकडं हाय."

खिशातून फोन काढला. पाठ फुगलेली, रबराचा पट्टा लावलेला. म्हणाला, त्या गुरुवारी मालक नव्हता, सगळी शेड शांत, म्हणून ठरवलं की आज रेकॉर्ड करायचं. गाण्यात आपला आवाज येऊ नये म्हणून तो बोललाच नाही. श्वाससुद्धा तोंड फिरवून घेत होता.

मग त्यानं फोन माझ्या कानाला लावला. स्वतःच धरून उभा राहिला, हात बदलत.

आधी बर्फाचं यंत्र. मग अम्मा.

हळद लावा गो हलक्या हातान,
लेक चालली दर्यापारान...

योगिनी, तिचा आवाज असा होता हे मी विसरले होते. मी तिला म्हातारी करूनच आठवत होते.

तिसऱ्या कडव्यानंतर द्वारका बोलायला लागते. "हॅलो? ऐकताव ना? हॅलो?" शत्रुघ्न गप्प. "कट झाला वाटतं." आणि मागे अम्मा शेवटचं कडवं उचलते, "नाझिया माजी दर्यापार, हळद कोन लावील गो", आणि अगदी त्याच जागी, फोन बंद झालाय असं समजून, द्वारका हळूच म्हणते, "शत्रुघ्न. या ओ आता."

इतकंच. मग फोन ठेवल्याचा आवाज.

तो म्हणाला, "लग्नाला एकोनीस वर्सं झाली होती भाभी. तिनं माझा नाव कधी घेतला नाय. हा येकदाच, तो पन मी नाय आयकत म्हनून. मी तिला कधी बोल्लो नाय, मी आयकला ता. बोल्लो असतो तर तिनं परत फोन धरला नसता."

मग फोन माझ्या हातात दिला. "घेऊन जावा. पूर्न लावा. तुमच्या आयशीनं तुमच्यासाठी म्हटलाय, मी कोन अडवनार? द्वारका रागावंल जरा. गावातल्या बायका हसतील तिला, नाव घेतला म्हनून. पन ती आता कुठं आयकतेय."

हे म्हणताना तो समुद्राकडे बघत होता. फोन सोडताना त्याची बोटं लगेच सुटली नाहीत.

नाझिया


केतकवेळ,
४ डिसेंबर २०२५

प्रिय नाझिया,

फोटो पुसला.

रोज कुणी ना कुणी विचारतं, पूर्ण आहे ना? नाझियाचं नाव आहे ना त्यात? चाचीच्या बरोबरीच्या बायका आता मोजक्याच उरल्यात. त्यांतल्या एकीलाही शेवटच्या कडव्याची चाल धड आठवत नाही, आम्ही बसून बघितलं. प्रत्येकीची वेगळी. मग सगळ्या हसल्या आणि एकेक करून उठून गेल्या.

द्वारकाला तू फारसं जवळून पाहिलं नव्हतंस. डोक्यावरचा पदर माइकसमोरही पडू द्यायची नाही. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "घे गो नाव एकदा, रेडिओवर कोण ओळखतंय?" तर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

दोघींचे आवाज वेगळे करता येतात म्हणे हल्ली. तुझ्या लेकाला, रेहानला विचार. नाहीतर तू ठरव. मी दोन्हीकडून काही म्हणणार नाही. घोषणा मी केली, शब्द मी फिरवीन.

योगिनी


फिंतास,
११ डिसेंबर २०२५

प्रिय योगिनी,

रेहान तीन संध्याकाळ कॉम्प्युटरवर बसला. दादीचं नाही, नानीचं गाणं म्हटल्यावर आधी "ओके मॉम" म्हणाला आणि मग स्वतःच गुंतला. आधीची कडवी छान निघाली, यंत्राची घरघर मी मुद्दाम ठेवायला सांगितली. शेवटच्या जागी मात्र काही होईना. द्वारकाला पुसलं की अम्माही पुसली जाते. "नाझिया" म्हणताना नुसती हवा उरते. "सॉरी मॉम," तो म्हणाला, "दोघी एकाच वेळी बोलतायत." मराठीत म्हणाला. एरवी तो मला इंग्रजीत उत्तर देतो.

मी पूर्ण रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. अम्मासाठी ऐकायला बसले आणि द्वारकापाशी येऊन अवघडले. कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्यासारखं वाटलं, जिथे एक बाई आपण एकटी आहोत असं समजून बोलतेय. तिनं जे एका माणसालाही ऐकू दिलं नसतं, ते मी गावाला ऐकवू? माझं नाव ऐकण्यासाठी तिचं गुपित उघडं करू? अम्माच मला आधी ओरडली असती. तीही माझ्यासमोर गायला लाजली होती ना? दोघी एकाच जातीच्या होत्या.

सोबत गाणं पाठवतेय. तिसऱ्या कडव्यापर्यंतच.

रेहाननं विचारलं, पूर्ण फाइल आपल्यासाठी ठेवू का? माझ्या तोंडात हो आलं होतं. मी नको म्हटलं. त्यानं माझ्यासमोर पुसली. मग मी आंघोळीला गेले आणि नळ सोडून बसले.

काल फोन परत दिला. शत्रुघ्ननं आधी कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं. सगळं जागच्या जागी आहे कळल्यावर म्हणाला, "रेडियोवर कुठवर लावनार?" मी सांगितलं. तो फोनला रबराचा पट्टा पुन्हा नीट चढवत बसला.

नाझिया


केतकवेळ,
१९ डिसेंबर २०२५

प्रिय नाझिया,

संपलं. स्टुडिओला कुलूप लावून घरी आले तेव्हा किल्ली हातातच होती, कुणाला द्यायची तेच कळेना.

तुझं पहिलं वर्ष वाचलं. हिरव्या दारावर सगळे हसले. त्या सुतारीण वहिनी येऊन बसल्या होत्या, त्याही. सगळ्यांत शेवटी चाचीचं गाणं. माडीचा जिना बायकांनी भरला होता. जुईलीला मी तुमच्यासाठी फोन घेऊन स्पीकरपाशी उभं केलं होतं. अगदी आईसारखी उभी होती, हात बदलत.

तिसरं कडवं संपलं. तिथे मी निरोपाचे दोन शब्द बोलायचं ठरवलं होतं, लिहूनही ठेवले होते. बोलवेना. पण माइक बंदही केला नाही. एका कडव्याला लागतो तेवढा वेळ तसाच ठेवला. खालचं यंत्र चालू होतं, तेच ऐकू गेलं असेल गावाला. सुगराखाला माझ्या कानात म्हणाली, "वादळात गेला का गो बाकीचा?" मी हो म्हटलं.

मग मी बटण दाबलं.

तुम्हाला तिकडे काही ऐकू आलं का?

योगिनी


फिंतास,
२० डिसेंबर २०२५

प्रिय योगिनी,

आलं.

आम्ही त्याच कट्ट्यावर बसलो होतो, मुझफ्फर, मी आणि शत्रुघ्न. फोन मधे ठेवला होता. अम्मा गात होती तोवर त्यानं मान खाली घातली होती. तिसरं कडवं संपलं आणि नुसती घरघर सुरू झाली. मुझफ्फरना वाटलं लाइन गेली, ते फोन उचलायला गेले. शत्रुघ्ननं त्यांचा हात धरला.

"असूं दे भाई."

तो ओठ हलवत होता. आवाज नव्हता, पण मला कळलं, तो चालीवर होता. माझ्या अम्माचं शेवटचं कडवं जगात आता त्या एका माणसाला येतं. मी त्याच्या ओठांकडे बघत राहिले. एका जागी ते थांबले.

"आता," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हो."

त्याचंही नाव तिथेच होतं आणि माझंही.

तुझी,
नाझिया